पाटण येथील विद्यामठ

महाराष्ट्र राज्याच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातील पाटण (पाटणादेवी) येथे तेराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेला व कालांतराने नामशेष झालेला ज्योतिषशास्त्राचा मठ. प्रसिद्ध गणिती व ज्योतिषी दुसरा भास्कराचार्य (जन्म १११४) याचा नातू चांगदेव याने तो स्थापिला. आजोबांचा सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ आणि घराण्यातील इतर विद्वानांचे ग्रंथ यांचे अध्यापन अखंड चालावे, हा त्याचा हेतू होता. मठाची वास्तू आज अस्तित्वात नाही. त्याचा हेतू, त्याचे आश्रयदाते आणि त्याच्या उत्पन्नाच्या बाबी यांची माहिती एका शिलालेखात टिकून राहिली आहे. विशिष्ट ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापन झालेल्या संस्थेचा समकालीन लेखी पुरावा म्हणून, तसेच जुन्या मराठीचा दिनांकित नमुना म्हणून या शिलालेखास भारतीय विज्ञानाच्या व मराठी भाषेच्या इतिहासात महत्त्व आहे.

स्थान व परिसर : खानदेश हा मुख्यत्वे तापी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्याचा प्रदेश होय. त्याच्या उत्तरेस सातपुडा पर्वत असून चोपडे, यावल, रावेर ही गावे त्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात वसली आहेत. दक्षिणेस सातमाळा-अजिंठा डोंगररांग ही खानदेश व मराठवाडा यांमधील नैसर्गिक सीमा आहे. पाटण हे या दक्षिण सीमेवर, चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सु. १८ किमी. अंतरावर, तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या निबिड रानात आहे. हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो.

आज एकाकी वाटणारे हे स्थान पूर्वी रहदारीपासून दूर नव्हते. दख्खनच्या पठारावरून खानदेशात उतरणारे घाट याच डोंगररांगेतून जातात. पाटणनजीकच्या पितळखोरे येथील बौद्ध लेण्यांचा आरंभ इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाला. व्यापारी मार्गांच्या आश्रयाने भरभराटलेल्या प्राचीन लेण्यांपैकी ती एक होत. पाटणच्या परिसरातही नागार्जुन, सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी या नावांनी ओळखली जाणारी लहान लेणी आहेत. चंडिकादेवीचे मंदिर हे येथील आजचे मुख्य श्रद्धास्थान असून नवरात्रात तेथे यात्रेकरूंची गर्दी होते. जवळच महादेवाचे जुने कोरीव दगडी मंदिर आहे. ‘पाटण’ म्हणजे पत्तन, बाजारपेठेचे नगर. शिलालेखातील करांच्या नोंदी हे नाव सार्थ ठरवितात.

मठ ही संस्था : ‘मठ’ या शब्दाने आज प्रामुख्याने संन्याशांचे निवासस्थान किंवा एखाद्या संप्रदायाची गादी सूचित होते. प्राचीन कोशकारांनी मात्र तो अधिक व्यापक अर्थाने योजिला आहे. अमरकोशात मठ म्हणजे विद्यार्थी इत्यादिकांचे निवासस्थान, असा अर्थ दिलेला आहे. मध्ययुगीन दख्खनमध्ये देवालयाशी संलग्न अथवा स्वतंत्र असे अनेक मठ व शाळा होत्या. त्यांना राजे, सामंत, अधिकारी, व्यापारी आणि ग्रामस्थ यांच्याकडून जमिनी व करांचे हिस्से मिळत. कर्नाटकातील साळोटगी येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या कारकीर्दीत ९४५ मध्ये उभारलेल्या शाळेत निरनिराळ्या प्रदेशांतील विद्यार्थी राहत. लग्नमुंजीच्या प्रसंगी ग्रामस्थांनी तिला ठराविक रक्कम द्यावी, अशी व्यवस्था तेथील शिलालेखात नमूद आहे. पाटणचा मठ याच परंपरेतील होता. त्याचे वैशिष्ट्य त्याच्या अभ्यासक्रमात होते. वेद, धर्मशास्त्र किंवा सांप्रदायिक उपासना यांऐवजी ज्योतिष व गणित हे त्याचे मुख्य अध्ययनविषय होते.

यूरोपात याच सुमारास फ्रान्सिस्कन (१२०९) व डोमिनिकन (१२१६) या भिक्षुसंघांचा उदय झाला आणि त्यांचे मठ नगरोनगरी उभे राहिले. नगरातील लोकांच्या दानावर चालणाऱ्या संस्था हे त्यांच्यातील व पाटणच्या मठातील साम्य. तेथील भिक्षू मात्र सर्वसंगपरित्यागी असत, तर पाटणचा मठ गृहस्थाश्रमी विद्वानांच्या एका घराण्याने आपली विद्या पुढे चालावी म्हणून स्थापिलेला होता.

शिलालेखाचा शोध : एकोणिसाव्या शतकात पाटण हे उजाड गाव होते. तेथील भवानीच्या मंदिरात हा शिलालेख असल्याचे भाऊ दाजी लाड यांनी प्रथम विद्वानांच्या निदर्शनास आणले. मुंबईतील हे नामवंत वैद्य भारतीय पुरातत्त्वाचेही व्यासंगी अभ्यासक होते. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या कालनिर्णयासंबंधीचा त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या लेखाचा परिचय करून दिला. पुढे जर्मन संस्कृतज्ञ फ्रान्झ कीलहोर्न यांनी एपिग्राफिया इंडिका या मालेच्या पहिल्या खंडात (१८९२) लेखाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या ग्रंथात भास्कराचार्यांच्या चरित्राच्या संदर्भात त्याची दखल घेतली. शं. गो. तुळपुळे यांच्या प्राचीन मराठी कोरीव लेख (१९६३) या संग्रहात त्यातील मराठी भागाचा समावेश आहे.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात व पद्यमय असून शेवटच्या काही ओळी मराठीत आहेत. ही विभागणी सहेतुक दिसते. राजांची व विद्वानांची प्रशस्ती संस्कृतात आहे. ज्या नोंदींचा संबंध व्यापारी, तेली व मापारी यांच्याशी येतो, त्या मात्र लोकांच्या भाषेत कोरल्या आहेत.

आश्रयदाते : पाटण व त्याभोवतालचा प्रदेश बाराव्या-तेराव्या शतकांत निकुंभ घराण्याच्या ताब्यात होता. या घराण्याचा महादेवाच्या मंदिरातील शिलालेख शके १०७५ (११५३) मधील आहे. इंद्रराज याने आरंभिलेले शिवमंदिर त्याचा पुत्र तिसरा गोवन याच्या वेळी पूर्ण झाल्याचे त्यावरून कळते. म्हणजे मठ स्थापन झाला, त्यापूर्वी किमान अर्धे शतक पाटण हे सत्ताकेंद्र व धर्मकेंद्र म्हणून नांदत होते. देवगिरीच्या यादवांचा उदय झाल्यावर निकुंभ हे त्यांचे सामंत बनले.

मठास दान देणारा सोइदेव हा तिसऱ्या गोवनाचा पुत्र. त्यानंतर त्याचा बंधू हेमाडिदेव गादीवर आला आणि त्याचाही दात्यांमध्ये उल्लेख आहे. हा हेमाडिदेव म्हणजे यादवांचा पुढील काळातील प्रसिद्ध मंत्री व चतुर्वर्गचिंतामणि या ग्रंथाचा कर्ता हेमाद्री नव्हे. त्याचप्रमाणे मठाचा संस्थापक चांगदेव आणि ज्ञानेश्वरकालीन योगी चांगदेव या भिन्न व्यक्ती होत. तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव हे गाव व तेथील मंदिर (ता. मुक्ताईनगर) यांच्याशी योगी चांगदेवाचे नाव निगडित आहे, पाटणच्या चांगदेवाचे नाही.

विद्वानांचे घराणे : शिलालेखात शांडिल्यगोत्री घराण्याच्या नऊ पिढ्या दिल्या आहेत. त्या अनुक्रमे त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर (भास्कराचार्य), लक्ष्मीधर व चांगदेव अशा होत. यांपैकी भास्करभट्टास भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांच्या वर्णनात ज्योतिष व गणित यांखेरीज सांख्य, मीमांसा इ. शास्त्रांतील त्यांच्या प्रावीण्याची प्रशंसा केली आहे. लक्ष्मीधराची कीर्ती ऐकून यादव राजा जैत्रपाल (जैतुगी) याने त्याला या नगरातून आपल्याकडे नेले व पंडितांचा अग्रणी केले. त्याचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा (कार. सु. १२००–४६) प्रमुख ज्योतिषी झाला.

घराण्याच्या दुसऱ्या शाखेची माहिती त्याच तालुक्यातील बहाळ येथील शके ११४४ (१२२२) च्या शिलालेखातून मिळते. भास्कराचार्यांचा बंधू श्रीपती, त्याचा पुत्र गणपती व नातू अनंतदेव अशी ही शाखा आहे. अनंतदेव हाही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने बहाळ येथे देवीचे मंदिर बांधले, तसेच वराहमिहिराच्या बृहज्जातकावर आणि ब्रह्मगुप्ताच्या सिद्धांतातील एका अध्यायावर टीका लिहिल्या. दोन्ही लेख एकत्र वाचले असता असे दिसते, की भास्कराचार्यांच्या नंतरच्या दोन पिढ्यांत हे घराणे राजाश्रय मिळवून होते आणि चाळीसगावच्या परिसराशी त्याचे नाते दृढ होते.

मठाची स्थापना व दिनांक : सोइदेवाने मठास दान दिले ते श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी. लेखात शके ११२८ व प्रभव संवत्सर दिले आहे. प्रचलित गणनेप्रमाणे प्रभव संवत्सर शके ११२९ मध्ये येते, म्हणून शकाच्या आकड्यात एका वर्षाचा फरक पडतो. संवत्सर, मास, तिथी व ग्रहण यांचा मेळ घातला असता ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस निश्चित होतो. ग्रहणकाळी दान देण्याची प्रथा सर्वत्र होती, परंतु ग्रहणाचे गणित शिकविणाऱ्या मठाच्या बाबतीत हा दिवस विशेष औचित्याचा म्हणावा लागेल. त्याच ग्रहणामुळे सात शतकांनंतर दानाचा दिवस ठरविणेही शक्य झाले.

अध्यापनाचे विषय : भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणि आदी ग्रंथ आणि त्यांच्या वंशजांनी रचलेले इतर ग्रंथ या मठात नियमाने शिकविले जावेत, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. त्याचे लीलावती (अंकगणित व क्षेत्रगणित), बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे चार भाग आहेत. या क्रमाने अध्ययन करणारा विद्यार्थी त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ अशा व्यवहारोपयोगी गणितापासून आरंभ करून समीकरणांकडे आणि तेथून ग्रहांची स्थिती, ग्रहणे व खगोलाचे स्वरूप यांकडे जातो. ग्रंथाची भाषा पद्यबद्ध व अत्यंत संक्षिप्त आहे. भास्कराचार्यांनी स्वतः त्यावर वासनाभाष्य लिहून रीतींची उपपत्ती दिली असली, तरी गुरूच्या मुखातून उदाहरणांसह समजावून घेतल्याशिवाय असा ग्रंथ विद्यार्थ्याच्या हाती येत नसे. मठाची गरज येथेच होती. पोथी नकलून जपता येते, पण तिचा अर्थ लावण्याची परंपरा शिक्षक व शिष्य यांच्या सहवासात टिकते.

गोलाध्यायातील यंत्राध्यायात शंकू, घटिका, चक्र, चाप, तुर्य, फलक इ. वेधयंत्रांची वर्णने आहेत. ११८३ मध्ये भास्कराचार्यांनी पंचांगकर्त्यांस सोयीचा असा करणकुतूहल हा ग्रंथ रचला. सिद्धांत, वेध व पंचांग ही तिन्ही अंगे अशा रीतीने घराण्याच्या ग्रंथांत समाविष्ट होती.

उत्पन्नाची व्यवस्था : शिलालेखाचा मराठी भाग म्हणजे मठाच्या उत्पन्नाची यादीच होय. त्यात मठाला ‘मढ’ म्हटले आहे. पाटणच्या पेठेत जो माल (‘केणें’) विक्रीस येई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाकडे वळविले होते. नगरानेही आपल्या वतीने खरेदीदाराकडून घ्यावयाचा एक लहान अंश दिला होता. त्याखेरीज गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या घ्यावयाच्या होत्या. तेलाच्या जितक्या घाण्या चालतील, त्या प्रत्येकीमागे पळीभर तेल मठास मिळे. पेठेतील मापे मठाच्या मापाने करावयाची असून मापणावळीचा अर्धा भाग मठास व अर्धा मापाऱ्यास मिळे. याशिवाय सीमा निश्चित केलेली जमीन मठास दिलेली होती. यादीतील काही शब्दांच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी व्यवस्थेचे एकूण स्वरूप स्पष्ट आहे.

या नोंदींतून मठाच्या दैनंदिन जीवनाची कल्पना येते. तेल हे रात्रीच्या पठणासाठी लागणाऱ्या दिव्यांना व स्वयंपाकाला उपयोगी, सुपारी पूजेला व मानपानाला, तर जमिनीचे उत्पन्न अन्नाला. मठाचे माप हे पेठेचे प्रमाणभूत माप ठरल्याने संस्थेचा नगराच्या व्यवहाराशी रोजचा संबंध येई. मठाचा खर्च कोणा एका राजाच्या मर्जीवर सोपविलेला नव्हता. राजा, सामंत व नगर यांचे हक्क एकत्र करून तो पेठेच्या उलाढालीशी जोडलेला होता. ग्रहांचे गणित करणाऱ्यांच्या दिव्यातील तेल पाटणच्या तेल्यांच्या घाण्यांतून येत असे. त्याचा दुसरा अर्थ असा, की पेठ ओस पडताच मठाचा आधारही नाहीसा होणार होता.

समज व पुरावा : भास्कराचार्यांचा जन्म पाटण येथे झाला, त्यांची वेधशाळा येथे होती व त्यांनी या मठात अध्यापन केले, असे समज प्रचलित आहेत. पुराव्याच्या दृष्टीने त्यांची छाननी आवश्यक आहे. भास्कराचार्यांनी स्वतः गोलाध्यायात सह्याद्रीच्या सान्निध्यातील विज्जडविड हे आपले गाव सांगितले आहे. ते पाटणजवळ असावे, असे काहींचे मत आहे; इतरांनी ते विजापूर, बीड इ. ठिकाणी मानले आहे. मठाची स्थापना नातवाने केली. तिचा दिनांक भास्कराचार्यांच्या जन्मानंतर त्र्याण्णव वर्षांचा असून त्यांच्या उपस्थितीचा निर्देश लेखात नाही. लक्ष्मीधरास राजाने ‘या नगरातून’ नेले, या विधानावरून घराणे त्याच्या काळी पाटणला राहत होते, एवढे निश्चितपणे म्हणता येते. वेधशाळेचा उल्लेख शिलालेखात आढळत नाही. वेधयंत्रांचा अभ्यास मठात होत असणे ग्रंथांच्या स्वरूपावरून स्वाभाविक असले, तरी त्यावरून वेधशाळेची स्वतंत्र वास्तू सिद्ध होत नाही.

या छाननीने पाटणचे महत्त्व उणावत नाही. एका थोर व्यक्तीचे जन्मस्थान असणे हा योगायोग होय. तिची विद्या पुढील पिढ्यांना मिळावी म्हणून संस्था उभारणे ही विचारपूर्वक केलेली कृती होय. पाटणविषयी जे निश्चित सांगता येते, ते या दुसऱ्या प्रकारचे आहे.

पुरातत्त्वीय विचार : लुप्त मठाचा शोध सामान्यतः तीन साधनांनी घेतात : लेखी उल्लेख, भूपृष्ठावरील अवशेष आणि उत्खनन. इंग्लंडमधील लेस्टर येथील ग्रेफ्रायर्स हा फ्रान्सिस्कन मठ याचे बोलके उदाहरण आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३८ मध्ये तो बंद झाला व पुढे जमीनदोस्त होऊन त्यावर शहर वाढले. जुने उल्लेख व नकाशे यांच्या आधारे २०१२ मध्ये तेथील वाहनतळाच्या जागी उत्खनन झाले, तेव्हा मठाच्या भिंतींचे पाये व १४८५ मध्ये मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड याचे दफन सापडले. दगडी पाये, फरसबंदी व दफने यांमुळे यूरोपीय मठांची जागा जमिनीखाली ओळखू येते.

पाटणच्या मठाची स्थिती निराळी आहे. दख्खनमध्ये देवालये घडीव दगडाची बांधीत. निवासाच्या व शिक्षणाच्या इमारतींत मात्र लाकूड, माती व विटा यांचा वापर मोठ्या प्रमाणावर होई. देवालये उभी राहिली व त्यांच्या भोवतालची वस्ती मातीस मिळाली, असे चित्र अनेक मध्ययुगीन स्थळी दिसते. मठाच्या साहित्याचेही तसेच आहे. पोथ्या, धूळपाटी व लाकडी फलकयंत्र यांसारख्या वस्तू दमट रानात टिकणाऱ्या नव्हेत. येथे विद्यार्थ्यांची दफनेही असण्याचे कारण नाही. उत्खननात हाती लागू शकतील अशा वस्तू म्हणजे खापरे, दिवे, मापे, नाणी व जोत्यांचे दगड. त्या इतर कोणत्याही वाड्यातही सापडतात. शिलालेख ज्या मंदिरात आढळला, त्याच्या आसपास मठ असावा हे अनुमान सयुक्तिक असले, तरी शिळा एका ठिकाणाहून दुसरीकडे हलविल्याची उदाहरणे विपुल असल्यामुळे ते अंतिम मानता येत नाही.

मठाच्या रचनेची कल्पना येण्यासाठी खानदेशातीलच एक उदाहरण उपयुक्त आहे. धुळे जिल्ह्यातील बळसाणे (ता. साक्री) येथील मध्ययुगीन मंदिरसमूहात मठाची दगडी वास्तू शिल्लक आहे. मध्यभागी खांबांचे दालन व भोवती खोल्या, अशी तिची रचना बौद्ध विहाराची आठवण करून देते. तेथील शके ११०६ मधील शिलालेखात राजमठाच्या दुरुस्तीचा उल्लेख आहे. म्हणजे पाटणच्या मठाला दान मिळण्यापूर्वी सु. दोन तपे खानदेशात असे मठ जुने होऊन त्यांच्या दुरुस्तीची वेळ आलेली होती. पाटणचा मठ बळसाणेच्या मठासारखाच होता असे यावरून म्हणता येत नाही. त्या काळच्या खानदेशी मठाचे एक प्रत्यक्ष रूप मात्र समोर येते.

ऱ्हास : मठाच्या अखेरीचा समकालीन वृत्तांत नाही, पण त्याला पोसणारी चौकट कशी मोडली हे इतिहासावरून स्पष्ट होते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीने देवगिरीवर स्वारी केली व चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यादवांची सत्ता संपुष्टात आली. राजज्योतिषी हे पद व त्यामागील प्रतिष्ठा तिच्याबरोबरच लोपली. त्याच शतकाच्या अखेरीस खानदेशात फारूकी घराण्याची सत्ता स्थापन झाली. थाळनेर, असीरगड व बऱ्हाणपूर ही तिची प्रमुख ठाणी तापीच्या खोऱ्यात व सातपुड्याच्या बाजूस होती. सत्तेचे व व्यापाराचे केंद्र अशा रीतीने उत्तरेकडे सरकले आणि दक्षिणेच्या डोंगरकुशीतील पाटणचे महत्त्व कमी झाले. मठ एखाद्या आक्रमणात उद्ध्वस्त झाला असे म्हणण्यास पुरावा नाही. घाण्या थांबल्या, पेठ मोडली आणि दानाच्या अटी पाळणारे कोणी उरले नाही, एवढेही त्याच्या अस्ताला पुरेसे होते. देवीचे स्थान मात्र यात्रेमुळे टिकले व त्याच्या आश्रयाने शिलालेखही टिकला.

महत्त्व : मठ लोपला, पण त्याने जपावयाचे ग्रंथ लोपले नाहीत. सिद्धांतशिरोमणीच्या, विशेषतः लीलावतीच्या हस्तलिखित प्रती भारताच्या सर्व भागांत आढळतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये तिचे फार्सीत भाषांतर केले, तर हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये लीलावती व बीजगणित यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ग्रंथ या रीतीने अनेक हातांनी जगले. मठाकडे विशेषत्वाने सोपविलेले घराण्यातील इतरांचे लेखन मात्र बहुतांशी नष्ट झाले. लक्ष्मीधर व चांगदेव यांची नावे आज ग्रंथांमुळे नव्हे, तर या शिलालेखामुळे ज्ञात आहेत. ज्या लेखनाला एका मठावाचून अन्य आधार नव्हता, ते मठाबरोबर गेले.

मराठी भाषेच्या दृष्टीने हा लेख ज्ञानेश्वरीच्या (१२९०) आधी सु. आठ दशकांचा आहे. केणें, घाणा, पळी, माप, मढ यांसारखे त्यातील शब्द किंवा त्यांची रूपे मराठीत पुढेही चालत राहिली. साहित्यभाषा म्हणून मराठीचा विकास होण्यापूर्वी तिचा उपयोग पेठेतील हक्कांची नोंद करण्यासाठी होत होता, याचा तो निश्चित पुरावा आहे. भास्कराचार्यांच्या जन्मास २०१४ मध्ये ९०० वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने पाटणकडे अभ्यासकांचे व सर्वसामान्यांचे लक्ष पुन्हा वेधले गेले. पाटणला येणाऱ्यास तेथे मठ दिसत नाही; देवीचे मंदिर, महादेवाचे मंदिर, लेणी व रान दिसते. त्यांच्या आसपास कोठेतरी एके काळी लीलावतीतील उदाहरणे सोडविली जात होती, हे मात्र शिलालेखाच्या आधारे निश्चितपणे सांगता येते.